यंत्र भाड्याचे चालेल, काम आपल्या नावावर हवे



बारावीचा निकाल लागतो, मुलगा किंवा मुलगी बी.सी.ए., बी.एस्सी. कॉम्प्युटर नाही तर पॉलिटेक्निकला नाव घालते, आणि आपल्या घरांतून दुसऱ्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो. लॅपटॉपचे काय? वर्गातल्या इतर मुलांकडे आहे, आपल्याकडे नाही. दुकानात चौकशी केली की चाळीस-पन्नास हजारांचा आकडा कानावर पडतो. मग कोणी पतपेढीचा उंबरठा झिजवतो, कोणी हप्त्यावर घेतो, कोणी आईच्या अंगावरचे किडूकमिडूक मोडतो. बांधकामावर जाणारे, द्राक्षबागेत मजुरी करणारे, नगरपंचायतीत रोजंदारीवर राबणारे आईबाप हा भार निमूटपणे उचलतात.

या जिद्दीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु जिद्दीच्या जोडीला हिशेबही पाहिजे. म्हणून आजच्या सदरात आम्ही एका सोयीविषयी लिहिणार आहोत. प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन दूरच्या दमदार संगणकावर चालवायचे, आणि ते आपल्या घरच्या साध्या, जुन्या संगणकावरून, ब्राउझरच्या खिडकीतून वापरायचे. ऐकायला अवघड वाटेल, पण रीत आपल्या ओळखीची आहे.

गिरणी आणि दळण

पेठ तालुक्यात नागली पिकते आणि घरोघरी नागलीची भाकरी होते. पण घरोघरी पिठाची गिरणी आहे काय? नाही. आपण डबा घेऊन गिरणीवर जातो, दळणाचे पैसे देतो, पीठ घरी आणतो. मोटार गिरणीवाल्याची, पट्टा गिरणीवाल्याचा, विजेचे बिलही त्याचेच. धान्य आणि पीठ मात्र आपले. म्हणूनच आपला डबा कोणता, हे आपण विसरत नाही.

कचेरीत बसणाऱ्यांनाही ही रीत नवी नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची पगारबिले 'सेवार्थ' प्रणालीत तयार होतात. लिपिक टेबलावरच्या संगणकावर ब्राउझर उघडतो, नाव आणि पासवर्ड घालतो आणि बिल तयार करतो. नोंदी टेबलावरच्या यंत्रात नसतात, त्या दूरच्या सर्व्हरवर असतात. टेबलावरचा संगणक उद्या जळाला तरी पगारबिल जळत नाही. सातबारा उतारा मोबाइलवर पाहतो तेव्हाही असेच घडते. उतारा दूर असतो, आपल्या हातात असते ती नुसती खिडकी.

आता हेच प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामाला लावून पाहा.

वही इथे, कारखाना तिथे

प्रोग्रॅम ज्यात लिहितात त्या साधनाला कोड एडिटर म्हणतात. प्रोग्रॅम लिहिण्याची वहीच म्हणा ना. मात्र ही वही चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढते, अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवते, आणि लिहिलेला प्रोग्रॅम चालवूनही दाखवते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' नावाची अशी वही मोफत दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचा मूळ मजकूरही सर्वांना खुला केला. आज महाविद्यालयापासून मोठ्या कंपन्यांपर्यंत ती वापरात आहे.

या वहीची एक खुबी आहे. वेबपेजे ज्या सामानातून बनतात, त्याच सामानातून ती बनलेली आहे. त्यामुळे तिचे दोन तुकडे करता येतात. डोळ्यांना दिसणारा चेहरा ब्राउझरमध्ये ठेवायचा, आणि फाइली उघडणे, जतन करणे, प्रोग्रॅम चालवणे हे कष्टाचे काम सर्व्हरकडे सोपवायचे. अमेरिकेतल्या 'कोडर' या कंपनीने २०१९ मध्ये याच मार्गाने 'कोड-सर्व्हर' नावाचा मोफत प्रोग्रॅम पुढे आणला. दूरच्या लिनक्स संगणकावर तो एकदा बसवला की कुठल्याही नव्या ब्राउझरमधून पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, आणि तीच वही समोर उघडते.

मग आपल्या घरच्या यंत्राला काम उरते किती? अक्षरे दाखवणे आणि कळफलकावरची बटणे टिपणे, एवढेच. प्रोसेसर तापतो तो तिकडे, मेमरी भरते ती तिकडची. चार जीबी मेमरीचा जुना संगणक, ज्यावर आजची अवजड साधने रडत चालतात, त्याला एवढे काम झेपते. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने थांबवला. त्यामुळे कचेऱ्यांतून आणि दुकानांतून असे बरेच संगणक अडगळीत जात आहेत. त्यांच्यावर हलके, मोफत लिनक्स आणि ताजा ब्राउझर टाकला, तर ते अशा कामासाठी पुन्हा उभे राहतात. कळफलक जोडला तर मोबाइलवरही काही वेळ निभावून नेता येते. मात्र एवढ्याशा पडद्यावर तासन् तास काम करणे डोळ्यांना बरे नव्हे.

पूर्वीही असेच होते

काहींना वाटेल, हे सारे कालपरवाचे खूळ आहे. तसे नाही. उलट संगणकाची सुरुवातच अशा सामाईक वापरातून झाली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफरॅक' हा भारतात घडवलेला संगणक चालू झाला. एक यंत्र आणि त्याभोवती अनेक संशोधक, असा तो मामला होता. प्रत्येकाच्या टेबलावर संगणक ही कल्पनाही तेव्हा कोणी केली नसती.

पुढे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी १ मे १९६४ रोजी 'बेसिक' ही सोपी भाषा आणि तिच्यासोबत एक नवी व्यवस्था चालू केली. मधोमध एक संगणक, आणि त्याला तारांनी जोडलेली टंकलेखन यंत्रे. यंत्र एवढे चपळ, की एकेकाला क्षणभर वेळ देत ते सर्वांचे काम करी, आणि प्रत्येकाला वाटे की संगणक माझ्या एकट्याच्याच सेवेत आहे. गणिताच्या विद्यार्थ्यापुरतेच नव्हे, तर इतिहास आणि साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा, हा त्या प्राध्यापकांचा हेतू होता. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

नंतर ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक आले आणि यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर गेले. प्रत्येकाच्या म्हणजे कोणाच्या? ज्याच्या खिशात पैसा होता त्याच्या. आता इंटरनेटच्या बळावर चाक उलट फिरले आहे आणि दमदार यंत्र पुन्हा सामाईक होऊ लागले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये 'फॉसी' या प्रकल्पाने 'सायलॅब ऑन क्लाउड' ही सोय उभी केली, ती याच वाटेवरची होती. सायलॅब हे अभियांत्रिकीच्या गणितासाठीचे मोफत साधन. विद्यार्थ्याने ते आपल्या संगणकावर न बसवता ब्राउझरमध्ये आकडेमोड लिहायची, ती आय.आय.टी.च्या सर्व्हरवर चालायची, आणि उत्तर विद्यार्थ्याच्या पडद्यावर यायचे.

तीन वाटा

ही सोय आज मिळवायच्या तीन वाटा आम्हांला दिसतात.

पहिली वाट तयार जागेची. 'गिटहब' या कंपनीने 'कोडस्पेसेस' नावाची सेवा चालू केली आहे. खाते उघडायचे, बटण दाबायचे, आणि ब्राउझरमध्ये वही व मागे यंत्र, दोन्ही हजर. २०२२ च्या नोव्हेंबरात कंपनीने ही सेवा सर्वसामान्य खातेदारांना खुली केली, तेव्हा महिना साठ तास मोफत दिले. साठ तास म्हणजे रोज दोन तास, महिनाभर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढे पुष्कळ झाले. पण अशा अटी बदलतात, म्हणून वापरण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम वाचून घ्यावा.

दुसरी वाट भाड्याच्या सर्व्हरची. महिना काही शे रुपयांपासून छोटे यंत्र भाड्याने मिळते. कोड-सर्व्हरला निदान एक जीबी मेमरी आणि दोन प्रोसेसर असावेत, असे तो बनवणारे सांगतात. यात स्वातंत्र्य जास्त, पण जबाबदारीही जास्त. इथे एक पक्के ध्यानात ठेवा. बऱ्याच ठिकाणी यंत्र नुसते बंद केले तरी भाडे थांबत नाही, कारण जागा आपल्या नावावर अडवलेली असते. काम संपले की यंत्र पुरते काढून टाकावे लागते, तेव्हाच मीटर थांबतो. बँकेचे कार्ड जोडण्यापूर्वी खर्चाची मर्यादा घालता येते का, किंवा बिल वाढले तर सूचना येते का, ते आधी पाहा.

तिसरी वाट आम्हांला सर्वांत जवळची वाटते, आणि पेठसारख्या गावाला ती विशेष लागू पडते. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पावसाळ्यातला पेठ

नाशिकहून सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून आले की पेठ. पावसाळ्यात इथे आभाळ फाटते. वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, वायर तुटली की ती जोडायला माणूस कधी येईल याचा भरवसा नाही. दूरच्या सर्व्हरवर काम करायचे आणि वाटच बंद, म्हणजे सगळेच बंद. ही या सोयीची सर्वांत मोठी उणीव आहे, आणि शहरात बसून सल्ला देणाऱ्यांच्या ती ध्यानात येत नाही.

आता सर्व्हर दूरच असला पाहिजे असे कोणी सांगितले? तो शेजारच्या खोलीत असला तरी चालतो. समजा, वस्तीतल्या अभ्यासिकेत सर्वांनी वर्गणी काढून सोळा जीबी मेमरीचा एक बऱ्यापैकी संगणक घेतला. चार जीबी त्याच्या स्वतःच्या कामाला सोडले, तर बारा उरतात. एका मुलाला दोन जीबी धरले तर सहा मुले एकाच वेळी शिकू शकतात. समोर ठेवायला अडगळीतले जुने संगणक चालतील. मधे एक वायफायचा राउटर. इंटरनेट गेले तरी खोलीतल्या खोलीत सर्व काही चालू राहते, कारण अक्षरांचा प्रवास या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतच आहे. इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावरही तासभर निभते.

हिशेब करून पाहा. सहा घरांनी सहा लॅपटॉप घेण्याऐवजी एक संगणक आणि सहा जुनी यंत्रे. शिवाय मुले एकत्र बसली म्हणजे एकाची अडचण दुसरा सोडवतो, आणि घरी धाकट्या भावासाठी जागा सोडून उठावे लागणाऱ्या मुलीलाही तिची हक्काची जागा मिळते.

एक सूचना मात्र कराविशी वाटते. कोड-सर्व्हर एका माणसासाठी बनलेला आहे. सहा जणांनी एकच पासवर्ड वापरला, तर सहाही जण एकमेकांच्या फाइली उघडू शकतील आणि पुसूही शकतील. म्हणून त्या संगणकावर प्रत्येकाचे वेगळे खाते, वेगळा पत्ता आणि वेगळा पासवर्ड असावा. एका घरात सहा भाडेकरू असले तर कुलपेही सहाच लागतात.

ज्यांना इंटरनेटवरूनच काम करायचे आहे, त्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली, अक्षरे लिहिताना वेग फारसा अडत नाही, कारण अक्षर आधी आपल्याच ब्राउझरमध्ये उमटते. पण हुकूम देण्याची जी काळी खिडकी असते, जिला टर्मिनल म्हणतात, तिथे प्रत्येक बटण सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. रेंज मंद असली की तिथे हात अडखळतो. दुसरी, वाट तुटली तर तिकडे चालू असलेले काम मधेच मरू नये म्हणून 'टीमक्स' नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात काम सुरू केले की आपण असो वा नसो, ते चालू राहते, आणि परत आल्यावर जिथे सोडले तिथून हाती लागते. सिनेमा पाहायला जेवढा डेटा जळतो, त्याच्या मानाने अशा कामाला फार थोडा लागतो, कारण जा-ये करतात ती मुख्यतः अक्षरे.

दाराला कुलूप

सेवार्थमध्ये कोणी आपल्या पासवर्डाने शिरला, तर तो एका कचेरीच्या कामात ढवळाढवळ करील. कोड-सर्व्हरमध्ये शिरला, तर अख्खे यंत्रच त्याच्या ताब्यात जाते, कारण त्या वहीतच टर्मिनल आहे. मग तो आपल्या भाड्याच्या यंत्रावर स्वतःचा धंदा चालवतो, आणि बिल आपल्या नावावर फाडले जाते. आपल्या पेरूच्या झाडाखाली चोर बसेल, असे कोणाला वाटत नाही. पण इंटरनेटवर उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र जागे असतात. दार गरिबाचे की श्रीमंताचे, हे ते पाहत नाहीत.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. कोड-सर्व्हर पहिल्यांदा चालू होतो तेव्हा स्वतःच एक लांबलचक पासवर्ड तयार करतो आणि फक्त त्याच यंत्रापुरते दार उघडे ठेवतो. हे दार सताड उघडून पासवर्ड काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. सर्व्हरपर्यंत जाण्यासाठी 'एसएसएच' नावाचा सांकेतिक बोगदा वापरावा, किंवा पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' येईल अशी व्यवस्था करावी. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेकडून मोफत मिळते. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या मोबाइलवर काम केले, तर उठताना लॉगआउट करावे आणि पासवर्ड तिथे जतन करू नये. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक असल्या कागदांच्या प्रती सर्व्हरवर ठेवूच नयेत. तिथे शिकण्याचे काम ठेवावे, घराची तिजोरी नव्हे.

कसतो कोण, नाव कोणाचे?

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जमीन एकाने कसायची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, याचे दुःख पेठ-सुरगाण्याला सांगायला नको. २०१८ च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी आणि आदिवासी स्त्री-पुरुष नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. कसतो ती वनजमीन आमच्या नावावर करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. पायांना फोड आले तरी माणसे चालत राहिली, कारण नाव कागदावर नसेल तर घाम मातीत जातो, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते.

संगणकाच्या कामातही तोच न्याय आहे. मुलगा दोन वर्षे शिकवणी वर्गाच्या खात्यावर प्रोग्रॅम लिहितो. खाते वर्गवाल्याच्या ईमेलवर. फीचा हप्ता चुकला किंवा वर्ग संपला, की खाते बंद. दोन वर्षांचे काम गेले. मुलाखतीत विचारतात, काय केलेत ते दाखवा. दाखवणार काय? असे होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी ईमेल मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावाने काढावे, खाते त्याच ईमेलवर उघडावे, आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ती पेटीत ठेवावी.

खाते आपले असले तरी सर्व्हर परक्याचाच असतो. 'क्लाउड नाइन' नावाची ब्राउझरमध्ये चालणारी अशीच एक वही २०१० पासून लोकप्रिय होती. २०१६ मध्ये अॅमेझॉनने ती विकत घेतली, आणि २०२४ च्या जुलैपासून नव्या ग्राहकांना दार बंद केले. जुन्यांना वापर चालू ठेवू दिला, पण शिकायला येणाऱ्या नव्या मुलांची ती वाट गेली. कंपनीचा हिशेब तिच्या नफ्यातोट्याचा असतो, आपल्या परीक्षेच्या वेळापत्रकाचा नव्हे. मोफत सेवेतही बरेच दिवस न वापरलेली यंत्रे आपोआप पुसली जातात.

यावर उपाय सोपा आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' हे मोफत साधन तयार केले. कामात कोणत्या दिवशी काय बदलले याची ते नोंद ठेवते, आणि पूर्ण काम नोंदीसह दुसऱ्या ठिकाणी नेऊ देते. रोज काम संपताना गिटमध्ये नोंद करावी आणि ती आपल्या खात्यावर पाठवावी. आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर प्रत घ्यावी. एक प्रत सर्व्हरवर, एक खात्यावर, एक घरात. मग सर्व्हर बुडाला, भाडे थकले, कंपनीने दार लावले, तरी दुसऱ्या गिरणीवर त्याच संध्याकाळी दळण पुन्हा सुरू करता येते.

आणि हीच प्रत उद्या नोकरीच्या वेळी बोलते. गिटमधल्या नोंदींवर तारीख असते. दोन वर्षे नेमाने केलेले काम समोर ठेवता आले, तर लॅपटॉप कोणत्या कंपनीचा होता हे कोणी विचारत नाही.

कुठे उपयोगी नाही

या सोयीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर वाचकांची फसगत होईल. पायथन, जावा, सी, वेबसाइट बनवणे, लिनक्स शिकणे, यांसाठी ही रीत उत्तम. पण इमारतीचे नकाशे, व्हिडिओ जोडणी, विंडोजवरची टॅली, किंवा संगणकातच बनावट मोबाइल उभा करून मोबाइलचे अॅप तपासणे, ही कामे अशा छोट्या सर्व्हरवर होणार नाहीत. त्यासाठी चांगले यंत्रच लागते. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो, तेव्हा लॅपटॉप घ्यावाही लागेल. आमचे म्हणणे एवढेच, की तो पहिल्या वर्षी कर्ज काढून घेण्याची घाई नको. तोवर मुलाला नेमके काय लागते ते कळलेले असते, आणि पालकांच्या हाती चार पैसे साठलेले असतात.

दुसरी गोष्ट भाषेची. ही साधने इंग्रजीत आहेत. त्याने घाबरून जाऊ नये. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, सी, जावा, पायथन यांचे छोटे छोटे पाठ तयार केले आहेत, आणि त्यांतले बरेच मराठी आवाजातही आहेत. ते मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय पाहता येतात. पाऊस लागण्यापूर्वी अभ्यासिकेच्या संगणकावर ते उतरवून ठेवले, तर चार महिने पुरतील.

पहिला आठवडा

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात क्रम देतो. पहिल्या दिवशी स्वतःचे ईमेल आणि खाते. दुसऱ्या दिवशी तयार जागेत मोफत तासांवर वही उघडून दहा ओळींचा प्रोग्रॅम. तिसऱ्या दिवशी गिटची पहिली नोंद. चौथ्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या संगणकावर जाऊन तेच काम उघडून पाहावे. ते जसेच्या तसे उघडले, म्हणजे रीत समजली. पाचव्या दिवशी पेन ड्राइव्हवर प्रत. सहाव्या दिवशी किती तास खर्च झाले त्याचा हिशेब. सातव्या दिवशी हे सर्व घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या एका मुलाला शिकवावे.

पालकांनी यात काय करायचे? संगणक येत नसला तरी दोन प्रश्न विचारता येतात. खाते कोणाच्या नावावर आहे? आणि आजची प्रत घेतलीस का? घरातल्या दळणाचा डबा जसा आपण विचारून ठेवतो, तसेच हे रोज विचारावे. आणि ज्या वस्तीत अभ्यासिका आहे, तिथल्या मंडळींनी पुढच्या बैठकीत सामाईक संगणकाचा विषय घ्यावा. वर्गणीचा आकडा ठरण्यापूर्वी, कोणाच्या घरी जुना संगणक पडून आहे त्याची यादी करावी. बऱ्याचदा अर्धे सामान आपल्याच वस्तीत धूळ खात असते.